दीडच्या बातम्या

वाटाणे सोलता सोलता उमाचा हात थांबला तो वल्लरीच्या आवाजाने. आवाज चढलेला वगैरे नव्हता. उलट फार सरळ होता, शाळेत उभं राहून धडा वाचावा तसा. सुनेच्या, मयूरीच्या मोबाईलवर सोसायटीतल्या कुणा बाईंचा फोन आला होता आणि मयूरीला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. तिने फोन लेकीच्या हातात दिला आणि नुसत्या ओठांनी सांगितलं, नाहीये म्हण. एवढंच. पुढचं सगळं वल्लरीचं स्वतःचं होतं. "आई आंघोळीला गेलीय, काकू. आज केस धुणार आहे ना, वेळ लागेल. शिकेकाई संपली होती, ती मीच मगाशी खालून आणून दिली." फोन ठेवल्यावर मयूरी तोंडावर हात ठेवून हसली, लेकीच्या डोक्यात तिने लाडाने टपली मारली, आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या. उमाच्या हातातली शेंग मात्र अर्धी उघडी तशीच राहिली. शिकेकाई. नाहीये म्हण, एवढंच सांगितलं होतं पोरीला; शिकेकाई कुणी सांगितली नव्हती. वल्लरीला गेल्या महिन्यात अकरावं संपून बारावं लागलं होतं. उमाच्या मानेवर जानेवारीच्या त्या गार सकाळी घाम आला. तिने पदराने तो पुसला, आणि सोललेले दाणे चुकून टरफलांच्या ढिगात टाकले.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. बासष्ट वर्षांची बाई, विश्रामबागेतल्या कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. आयुष्यभर फळ्यावर नद्या काढल्या, उगमापासून संगमापर्यंत खडू न उचलता. मुलांना ती म्हणायची, नदी खोटं बोलत नाही, जिथे उतार असेल तिथेच जाते. मुलं हसायची. हे वाक्य आपण कुठून आणलं, असं तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मुलगा, पुष्कर, ऑफिसातून आला तोच एक बातमी घेऊन. पाटणच्या पलीकडे, नदीच्या घळीत जे जुनं वीजघर आहे ते आता लोकांना बघायला खुलं केलंय. संस्थानी काळातली यंत्रं, पितळी मीटर, सगळं जपून ठेवलंय. रविवारी जाऊ या. त्याने मोबाईलवरचा फोटो आईपुढे धरला. खोल काळ्या कातळाच्या दोन भिंती, मध्ये तळाशी दगडी इमारत, उंच अरुंद खिडक्या, आणि तिच्या पोटातून बाहेर पडणारा पांढरा पाट. "माझ्या आजोबांचं वीजघर," पुष्कर वल्लरीला म्हणाला, "आजी तुझ्याएवढी होती तेव्हा इथे राहायची." मला गुडघ्यांना झेपणार नाही, असं उमा म्हणाली. तिथे आता कठडे केलेत, बसायला बाक ठेवलेत, असं मयूरी म्हणाली. मग उमा काही बोलली नाही, आणि न बोलणं म्हणजे या घरात होकारच असायचा.

त्या घळीत ऊन दहाला उतरायचं आणि तीनला निघून जायचं. बाकीचा वेळ एक निळसर ओलावा. कातळाच्या एका फळीवर अकरा क्वार्टर्स होती, एकाला एक चिकटून, आणि खाली वीजघर. त्याचा घुमारा कानाने ऐकायचा नसे. तो जमिनीतून पायात यायचा, मांडणीवरच्या भांड्यांत यायचा, रात्री उशीतून दातांत यायचा. दोन यंत्रं होती. दोन्ही चालू असली की घुमारा जाड असे, एकच असलं की पातळ. कॉलनीतल्या बायका स्वयंपाक करता करता नुसत्या पायांनी सांगत, आज दोन नंबर बंद आहे. उमाचे वडील, अनंतराव, पाळीप्रमुख होते. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, अंगाला गरम तेलाचा आणि तांब्याचा वास. पाढे शिकवताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. सतरा नव्वे त्रेपन्नासे, असं ते इतक्या शांतपणे म्हणत की ते वेगळं काही असू शकेल असं मनात येत नसे.

रविवारी सकाळी गाडी पलूसवरून कुंडलकडे निघाली तेव्हा रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या, आणि प्रत्येक ट्रॉलीमागे पुष्करला रांगत जावं लागत होतं. उमा मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती. काचेबाहेर तोडलेल्या उसाची पाचट जळत होती आणि धूर जमिनीवरून सरकत होता. तिला बाबांचे शेवटचे दिवस आठवत होते. महापुराच्या वर्षी सांगलीत पाणी चढत चढत आलं, विश्रामबागेत नातेवाइकांची गर्दी झाली, घरात सतरा माणसं जेवायला. आणि पंच्याऐंशी वर्षांचे बाबा दिवसभर टीव्हीपुढे. धरणातून इतके हजार क्यूसेक विसर्ग, असं निवेदिका म्हणाली की ते खुर्चीतून अर्धे उठायचे. "खाली कुणी नाही ना? बघून घ्या आधी." सगळ्यांना वाटलं, म्हातारा नदीकाठच्या गावांची काळजी करतोय. पुष्करच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजोबा असा माणूस होता, असं तो अजून सांगतो. उमाने त्या वेळी बाबांच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं होतं आणि म्हटलं होतं, नाही बाबा, कुणी नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघं त्या एका गोष्टीच्या इतक्या जवळ आली होती की आणखी एक शब्द पुरला असता. तेवढ्यात कुणीतरी चहा आणला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दोघांनी वाटून घेतलेलं ते सगळं मग एकट्या उमाकडे आलं, आणि तेव्हापासून ते जड झालं.

घळीच्या तोंडाशी आता गाड्या लावायची जागा होती, पत्र्याचं तिकीटघर होतं, आणि त्याच्या मागे दाभेवाडीची दहा-बारा घरं. पिवळी हेल्मेटं वाटली गेली. वल्लरीने आजीच्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला. तीनशे अठरा पायऱ्या होत्या. उमाला आकडा आठवत नव्हता, पण पायांना वळणं आठवत होती; कुठे पायरी उंच आहे, कुठे कातळातून पाणी झिरपतं, ते पाय आधीच जाणत होते. क्वार्टर्स पाडलेली होती. फळीवर नुसती जोती उरली होती आणि त्यांवर घाणेरीचं रान. आपलं कुठलं, ते तिने पाहिलं नाही.

माहिती सांगायला अंकिता नावाची एक मुलगी होती. चोवीस-पंचवीसची, गळ्यात ओळखपत्राची फीत, आवाज खणखणीत. पुस्तकी मराठी बोलता बोलता मध्येच तिचं गावचं मराठी डोकं वर काढी आणि ती पुन्हा सावरून घेई. वीस-बावीस माणसांचा घोळका घेऊन ती दगडी दालनात शिरली. एक नंबरचं यंत्र अजून दिवसातून काही तास चालतं, दोन नंबर कायमचं बंद आहे, असं तिने सांगितलं. उमाच्या तळपायात तो आलाच, पातळ घुमारा. बाकीची माणसं फोटो काढत होती. संगमरवरी फळ्यावर पितळी काट्यांची मीटरं चकचकीत पुसून ठेवली होती. लाल आणि हिरवे दिवे लावायच्या खोबणी मात्र रिकाम्या होत्या. भिंतीवर जुन्या पांढऱ्या रंगातली अक्षरं तशीच राखली होती: खाली माणूस असेपर्यंत जागा सोडू नये. पुष्करने ती वल्लरीला वाचून दाखवली आणि म्हणाला, बघ, पणजोबांच्या वेळची शिस्त.

मागच्या दाराने सगळे बाहेर, पाटाच्या कठड्याशी आले. यंत्र फिरवून झालेलं पाणी इमारतीच्या पोटातून इथे बाहेर पडे आणि कातळातल्या चिंचोळ्या चरातून नदीला मिळे. पाणी पांढरं होतं, आणि त्याचा गार वारा तोंडावर येत होता. चराच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. अंकिताने हात वर करून सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. "चौऱ्याहत्तर साली इथे एक फिटर दारू पिऊन चालू मशीनच्या पाण्यात उतरला, आणि वाहून गेला. दोन दिवसांनी सापडला. ते माझेच आजोबा." घोळक्यात थोडी चुळबूळ झाली, कुणीतरी हसू का नको असं हसलं. अंकिता स्वतःही किंचित हसली, सवयीचं. "म्हणून सांगते, कठड्याला टेकू नका." आणि ती पुढे निघाली, धरणाची उंची, पाइपांची लांबी सांगत. दिवसातून किती वेळा ती हे सांगत असेल, असा विचार उमाच्या मनात आला. तिने कठडा धरला. टेकू नका म्हटलं होतं तरी धरला. मयूरीने विचारलं, चक्कर येतेय का. तिने मान हलवली आणि म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी हळूहळू वर चढते.

चैत्र होता तेव्हा. शाळा सकाळची. आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आणि बाबांनी आरासीला दिव्यांची माळ करायची कबूल केली होती. वीजघरातल्या फळ्यावरचे जुने लाल-हिरवे दिवे, तारेत ओवून. बायका चारला यायच्या होत्या आणि माळ लागत नव्हती. आईने दोनदा निरोप पाठवला. बाबा आले तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते. उमाला हे पक्कं ठाऊक होतं, कारण कैरीच्या डाळीवर झाकण ठेवून ती घड्याळाखालीच बसली होती. दोन नंबर बंद आहे, पाच मिनिटांत जातो, असं म्हणत ते स्टुलावर चढले. आईने पन्ह्याचा पेला हातात दिला. त्यांनी तो स्टुलावर उभ्याउभ्याच प्यायला, तार दातात धरून पिळली, एक दिवा लागला, दुसरा लागला. मग घुमारा जाड झाला. हळू नाही, एकदम. डाळीच्या पातेल्यावरचं झाकण किणकिणायला लागलं. बाबांचा हात हवेत तसाच राहिला. "कुणी चालू केलं?" ते म्हणाले. आईला नाही, उमालाही नाही, भिंतीला म्हणाले. मग ते स्टुलावरून उतरले की पडले ते तिला कळलं नाही. चपला दारातच राहिल्या. ते अनवाणी पायऱ्या उतरत गेले, आणि भर दुपारी त्यांच्या पाठीमागे तिने जाळीच्या दारातून पाहिलं. सगळीकडे सामसूम होती. ते एकटेच पळत होते.

दोन नंबर बंद म्हणून पाटाचं पाणी उथळ होतं, आणि ज्ञानू फिटर जाळीतली लाकडं काढायला त्यात उतरला होता. त्याला बाबांनीच उतरवलं होतं. तो वर येईपर्यंत त्यांनी फळ्यापासून हलायचं नव्हतं. मदतनीस हरिबाला तो खाली आहे हे माहीत नव्हतं. वरून फोन आला, वीज हवी, आणि त्याने यंत्र सोडलं. हे उमाला कुणी सांगितलं नाही. पुढच्या आठ दिवसांत घरातल्या बंद खोलीतून, आईच्या हुंदक्यांतून, हरिबाच्या कुजबुजीतून ते तिच्याकडे आलं. त्याबरोबरच बाहेर सांगायची दुसरी एक गोष्ट आली. बाबा एकापर्यंत फळ्याशीच होते. ज्ञानू वर येऊन भाकरी खायला गेलेला त्यांनी पाहिला होता. मग यंत्र चालू केलं, आणि सगळं ठीक आहे बघून बाबा दीडला घरी आले. ज्ञानू त्यानंतर कधीतरी, आपण होऊन, चालू पाण्यात उतरला. शुद्धीवरचा माणूस चालू पाण्यात उतरेल का? म्हणजे तो शुद्धीवर नव्हता. दारू अशी त्या गोष्टीत आली. कुणी मुद्दाम ओतली नव्हती, तिच्याशिवाय हिशेब जुळत नव्हता.

चौकशीला शहरातून एक साहेब आले. विश्रामगृहात टेबल टाकून ते एकेकाला बोलवत होते. आदल्या संध्याकाळी बाबा पायरीवर उमाशेजारी येऊन बसले. त्यांनी तिला काही शिकवलं नाही, दटावलं तर नाहीच. "आपण दीडच्या बातम्या ऐकत होतो ना, तेव्हा मी आलो," असं ते पाढ्यांच्या आवाजात म्हणाले. तिने मान डोलावली. ते मान खाली घालून बसून राहिले, आणि तिला त्यांची फार दया आली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बिस्किट दिलं, नाव विचारलं, इयत्ता विचारली. बाबा त्या दिवशी घरी कधी आले, बाळ? ती म्हणाली, दीडला. कशावरून? ती म्हणाली, रेडिओवर दीडच्या बातम्या लागल्या होत्या. साहेब नुसते तिच्याकडे बघत राहिले. पेन थांबलं होतं. त्या थांबलेल्या पेनाची तिला भीती वाटली, आणि मग तिच्या तोंडून ते आलं. "रेल्वेच्या संपाचं सांगत होते. बाबा म्हणाले, आवाज वाढव." पेन चालू झालं. साहेबांनी ओळ संपवून पूर्णविराम दिला आणि कुणाला तरी म्हणाले, हुशार आहे मुलगी. संप तिचा होता. आवाज वाढव हेही तिचंच होतं. बाबांनी बातम्या दिल्या होत्या; त्यांत काय होतं ते तिने घातलं. कराडहून बाबांनी तिला कंपासपेटी आणली, वर्षाच्या आत त्यांची सांगलीला बदली झाली, आणि आईने पुन्हा कधी चैत्रगौर मांडली नाही. हळदीकुंकू आपल्याकडे नाही, असं ती नव्या शेजारणींना सांगायची.

शेवटच्या पन्नास पायऱ्या उमा बसत बसत चढली. वर तिकीटघराजवळच्या माणसाला तिने विचारलं, अंकिताचं घर कुठलं. त्याने हात केला. पत्र्याचं, पुढे ओटा असलेलं घर; ओट्यावर एक म्हातारी पावटा निवडत होती. उमाने तिला लगेच ओळखलं, आणि मग वाटलं की ओळखलं नाही, ही नुसती एक म्हातारी आहे. रंगूबाई तेव्हा एकवीस-बाविशीची होती. कडेवर मूल घेऊन ती कॉलनीत ताक मागायला यायची. ज्ञानूला आणलं त्या दिवशी ती रडली नव्हती, शिव्या देत होती, आणि बायका तिच्या तोंडावर हात ठेवत होत्या. उमाने ओट्याशी जाऊन पाणी मागितलं. म्हातारीने तांब्या दिला, बसा म्हणाली, पायऱ्या लय वंगाळ हायत म्हणाली. कुठल्या गावच्या, असं विचारलं. उमा म्हणाली, सांगलीची. पण लहानपणी इथेच होते. साठये साहेबांची मुलगी.

रंगूबाईचे हात थांबले. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "उमी? दोन येण्या घालायचीस ती?" तिच्या तोंडावर खरोखरचा आनंद आला. तो आनंद बघून उमाला उठून जावंसं वाटलं. म्हातारी भरभर विचारत राहिली. आई कवा गेली, बाबा कवा गेले, पोरंबाळं किती. तुझी आई लय चांगली, ताक कधी न्हाई म्हणाली न्हाई. आपलंही तिने सांगितलं. पोरगा लालासाहेब फौजेत गेला, हवालदार होऊन आला, आता थोडी शेती बघतो. नातीला इथे चिकटवलं. नवऱ्याच्या जागी तिला स्वतःला कुणी घेतलं नव्हतं. कागदावर दारू लागली होती ना. धुणीभांडी करून पोर वाढवलं. पोराला शपथ घातली होती, दारूला शिवायचं न्हाई. फौजेत रम मिळते तीबी त्यानं कधी घेतली न्हाई. हे सांगताना तिचा आवाज ताठ झाला. उमाने घराच्या आत पाहिलं. भिंतीवर देव होते, लष्करी वेशातला लालासाहेब होता, नात पदवी घेताना होती. ज्ञानूचा फोटो कुठे दिसत नव्हता.

कसं सुरू करायचं ते तिने गाडीत ठरवलं नव्हतं, कारण आपण हे करणार आहोत असंच तिने ठरवलं नव्हतं. वर्गात कठीण धडा असला की ती आधी सोपं काहीतरी सांगे. आता सोपं काही नव्हतं. "रंगूबाई," ती म्हणाली, "ज्ञानू दारू प्यायलेले नव्हते. माझ्या वडिलांनी त्यांना पाटात उतरवलं आणि स्वतः घरी आले. साडेबाराला. मी घरात होते. मग यंत्र सुरू झालं. चौकशीत मी दीड सांगितलं." तिला वाटलं होतं की हे सांगायला फार वेळ लागेल. सहा वाक्यांत ते संपलं. खाली घळीत पाणी वाजत होतं. रंगूबाईने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, ओट्यावर सांडलेले दोन दाणे उचलून त्यात टाकले. मग तिने विचारलं, "तवा तू केवढी व्हतीस?"

"अकरा वर्षांची."

"म्हंजे कळत व्हतं."

"हो," उमा म्हणाली.

आता ही ओरडेल, असं उमाला वाटलं. अंगावर येईल, लोकांना बोलवेल. ते बरं झालं असतं. रंगूबाई तिच्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होती. ती बोलायला लागली ती उमाशी नव्हे. "सकाळी भाकरी बांधून दिली, तवा त्येच्या तोंडाला वास न्हवता. मला म्हाईत व्हतं. पर सायबानं लिवलंय म्हटल्यावर मीच म्हटलं, दुपारी प्याला आसंल. माज्या नाकापरीस मी कागदाचं खरं धरलं. आन पन्नास वरसं त्येला शिव्या घातल्या. मडं उचललं तवा घातल्या, पोराच्या लग्नात घातल्या. फोटू व्हता एक, जत्रंतला. चुलीत घातला." तिने तळवे पदराला पुसले. "त्यो आपला काम करत व्हता."

उमाला काहीतरी म्हणायचं होतं. क्षमा हा शब्द तिच्या तोंडात आला आणि तो तिला फार शुद्ध, फार सांगलीचा वाटला. तिच्या मोबाईलवर मयूरीचे दोन फोन येऊन गेले. तेवढ्यात लालासाहेब शेतातून आला. उंच, ताठ, कानावर पांढरे केस, हातात कोयता. त्याने पाहुणीला हात जोडले. रंगूबाई म्हणाली, "लाला, तुजा बा प्यालेला न्हवता. ह्यी साठये सायबाची पोर हाय. तिला इचार." तो उभाच राहिला. उमाने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी तिने संपाचंही सांगितलं, आवाज वाढव म्हणाल्याचंही. ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तो ऐकताना कोयत्याची मूठ उलटसुलट करत होता. मग त्याने कोयता वळचणीला खोचून ठेवला, काळजीपूर्वक, आणि आत गेला. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. बाहेर आला तेव्हा त्याने तोंडावर पाणी मारलेलं होतं आणि हातात अंकिताची वही नि पेन होतं. "मॅडम, हे लिहून द्याल?" तो म्हणाला. आवाजात राग होता की नाही ते तिला कळेना. "कोर्टकचेरी न्हाई करणार. खाली पोरीला कागद दिलाय, त्यो वाचून ती रोज सांगते. तिला दुसरा कागद पाहिजे."

उमाने वही गुडघ्यावर घेतली. अक्षर चांगलं येईना. खडूच्या सवयीचा हात पेनाला वळत नव्हता. तिने तारीख घातली, आपलं नाव, वय घातलं. माझे वडील त्या दिवशी पाळीप्रमुख होते. माझ्या वडिलांनी ज्ञानू फिटर यांना पाटात उतरवले. माझे वडील साडेबाराला घरी आले. रेडिओ बंद होता. माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून, असं लिहून ती थांबली, ते खोडलं, आणि लिहिलं, मी खोटे सांगितले. पानावर सावली पडली म्हणून तिला कळलं की पुष्कर येऊन मागे उभा आहे. तो शोधत वर आला होता. हेल्मेट अजून त्याच्या हातात होतं. तो वाचत होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. ती मागे वळली नाही.

रंगूबाईला वाचता येत नव्हतं. तिने वाचून दाखवायला सांगितलं. उमाने वाचलं. म्हातारीने डोळे मिटून ऐकलं, आणि पुन्हा वाच म्हणाली. दुसऱ्यांदा वाचताना ती मध्येच बोलली. "ज्ञानू फिटर न्हवं. पुरं नाव लिव. ज्ञानदेव रामू साळुंखे." उमाने ते आज पहिल्यांदा ऐकलं. तिने दोन शब्दांवर रेघ मारली आणि वर, ओळीच्या मधल्या जागेत, पूर्ण नाव लिहिलं. रंगूबाईने वाकून त्या अक्षरांकडे पाहिलं, जसं काही ती ओळखता येणार होती. मग तिने बोट तसंच कागदावर ठेवून विचारलं, "आन तुज्या बाचं?"

"आई," पुष्कर मागून म्हणाला. एवढंच म्हणाला.

उमाने वर पाहिलं नाही. साऱ्या कागदावर तिने वडील, वडील असंच लिहिलं होतं. त्यातली पहिली जागा तिने शोधली आणि तिच्यावर, बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं: अनंत वामन साठये. मग तिने दुसरी जागा शोधली.